सात नंबरमधली बाई

मंगळवारी सकाळी आमच्या रुग्णालयाच्या फरशीने पडद्यावर एक सूचना टाकली. खोली क्रमांक सातमध्ये दोन व्यक्तींचा वावर आहे. एक पुरुष, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर. एक स्त्री, वय अंदाजे चाळीस. स्त्रीची नोंद सापडत नाही.

सात नंबर ही एका खाटेची खोली. तिथे बाबल धुरी नावाचे गृहस्थ दाखल होते आणि त्यांची बायको जाऊन कैक वर्षं उलटली होती. मी सूचना पुन्हा वाचली. माझ्या मागे उभ्या असलेल्या सिस्टर लोबोंनीही वाचली.

"काका दिसतत गरीब," त्या म्हणाल्या, "पण निघाले भारीच."

दुपारपर्यंत ही गजाल मजलाभर झाली. औषधांची आपोआप फिरणारी गाडी सोडली तर सात नंबरसमोरून जाताना मान न वळवणारं कुणी उरलं नव्हतं.

मी इथली वृद्धरोगतज्ज्ञ, इरावती देशमाने. मूळची कराडची. कुडाळच्या पुढे, कर्ली नदीकाठच्या या रुग्णालयात येऊन मला तीन वर्षं झाली होती. माझ्याबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे की नको तिथे नाक खुपसायची मला जन्मजात खोड आहे. ती नसती तर मीही हसून पुढच्या रुग्णाकडे गेले असते.

फरशीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. दिसायला ती साधी, पांढरट फरशी. पण प्रत्येक लादीखाली दाब ओळखणारा कागदासारखा पातळ थर आहे. पाऊल कुठे पडलं, किती वेळ टेकलं, आधी टाच आली की चवडा, पुढचं पाऊल मागच्यासारखंच पडलं की डगमगलं, हे सगळं तिला कळतं. दाराची मूठ हाताची पकड मोजते. खाट सांगते की माणूस आपला आपण उठला की कठडा धरून. कॅमेरा कुठेच नाही, त्यामुळे फरशीला कुणाचं तोंड ठाऊक नाही. ती माणसाला चालीवरून ओळखते. चाल ज्याची त्याची असते, सहीसारखी.

या सगळ्यातून एक अंक निघतो. त्याला आम्ही उभारी म्हणतो. म्हातारपणी शरीराचा साठा हळूहळू उतरत जातो. स्नायू झिजतात, पकड सैल होते, पाऊल आखूड पडतं. रोजच्या जगण्यात त्याने फारसं अडत नाही. पण ताप, पडणं, शस्त्रक्रिया असा एखादा धक्का बसला की ज्याच्याकडे साठा नाही तो माणूस परत उभाच राहत नाही. वैद्यकात याला क्षीणता म्हणतात. पूर्वी डॉक्टर ती नजरेने जोखायचे आणि हसतमुख, गप्पिष्ट म्हातारा समोर आला की हमखास फसायचे. फरशीला गप्पा ऐकू येत नाहीत. ती आठवड्याभरातली माणसाची सगळ्यात चांगली पावलं निवडते, कारण कंटाळ्याचे दिवस सगळ्यांनाच असतात, आणि त्यांवरून अंक काढते. ज्यांची उभारी चाळिसाखाली निघाली, त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण मोठ्या उपचारानंतर स्वतःच्या पायांनी घरी गेले नाहीत. म्हणून नियम झाला : चाळिसाखाली मोठा उपचार नाही. औषधं द्या, आराम द्या, घरी पाठवा.

बाबलकाकांच्या हृदयातली, रक्त बाहेर सोडणारी झडप चुना धरून आकसली होती. न्हाणीघरापर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी धाप लागायची. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवता येते. बसवली नाही तर वर्ष निघणं कठीण. हृदयाचे डॉक्टर पै शुक्रवारी ठरवणार होते आणि त्यांचं बोलणं सरळ असतं. "अंक आणा, झडप बसवतो," ते म्हणायचे.

काकांचा अंक होता तेहतीस. त्या बेपत्ता बाईचा चौसष्ट.

मी सात नंबरमध्ये गेले तेव्हा काका खाटेवर बसले होते. बारीक अंगाचे, दाढी गुळगुळीत केलेली, भुवया मात्र एखाद्या बाईसारख्या रेखीव. त्यांची मुलगी प्रणाली पेज ढवळत होती. ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात देखरेखीचं काम करायची आणि सुट्टी काढून वडिलांजवळ राहिली होती.

"काका, खोलीत आणखी कुणी येतं का?"

"माझा चेडू येता," ते म्हणाले. "आणखी कोण येतला?"

प्रणालीच्या मनगटाला पाहुण्यांची पट्टी होती, म्हणजे तिची पावलं फरशीला माहीत होती. मी हातातल्या पडद्यावर त्या अनोळखी बाईची पावलं उघडली. ही बाई मोठी शिस्तीची होती. माझी सकाळची फेरी जवळ आली की उगवायची, व्यायाम घेणाऱ्यांची वेळ झाली की उगवायची, आणि दारात कुणी आलं की नाहीशी व्हायची. तिची आणि काकांची पावलं एकाच वेळी कधीच पडलेली नव्हती. चाल तर बघत राहावी अशी. छोटी, समान पावलं, आधी चवडा मग टाच, आणि ठरावीक अंतरावर एक हलका थांबा, कुणीतरी पदर सावरावा तसा.

प्रणाली माझ्या खांद्यावरून बघत होती. पेज ढवळणारा तिचा हात थांबला.

"ही बाई तुमच्या ओळखीची आहे?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही ओळखत." आणि भांडं घेऊन बाहेर गेली. भांड्यात पेज तशीच होती.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या आधी मी सिस्टर लोबोंना दाराशी उभं केलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचं हसू मावळलेलं होतं.

"डॉक्टर, काका उठले. उंबऱ्याक हात लावून कपाळाक लावल्यानी. मगे चलाक लागले. ती राणी आसा. मी वळखलंय. आमच्या गावच्या जत्रेत मी लहान असताना बघितलेली."

"राणी?"

"दशावतारातली. आमी ख्रिस्तांव, पण जत्रेत पयल्या रांगेत आमीच." मग मी कोकणातली नाही म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं. दशावतारात सगळी कामं पुरुष करतात, बायकांचीही. लाकडी बाकडं हेच सिंहासन. मृदंगावर थाप पडली की राणी आत येते. रंग फासण्याआधी नट देवाला आणि सोंगांच्या पेटाऱ्याला हात जोडतो आणि एकदा जोडले की सोंग उतरेपर्यंत तो स्वतः नसतो. "बाबल धुरीची राणी आली की माणसां चाय सोडून येत. आमची मावशी तेच्यासारखा लुगडा नेसूक शिकली."

काकांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"बाजूच्या खोलीतल्या माणसान सांगल्यान," ते म्हणाले. "जमीन चाल बघता. चाल चांगली नसली तर घराक धाडतत. माझी चाल तर गेली. मगे जी शिल्लक होती ती काढलंय."

"पण राणीचीच का? राजाची काढायची."

"राजा मी कधी केलंय नाय." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्रश्न विचारल्याची मलाच लाज वाटली. "चांगली चाल माका तेवडीच येता."

मला हसू आवरेना. या माणसाने फरशीला फसवायला आपलं सगळं कसब पणाला लावलं होतं, आणि ते इतकं अस्सल होतं की फरशीने ती पावलं त्यांच्या खात्यात धरलीच नाहीत. ती बाईची म्हणून बाजूला काढली. काकांचा अंक होता तिथेच राहिला. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते स्वतःही हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

ती धाप बघताना माझं हसू गेलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. चौसष्ट कुठून आले? फरशीची चूक चाल ओळखण्यात झाली, मोजण्यात नाही. त्याच पायांनी, त्याच आजारी हृदयाने तो माणूस दिवसातून दोनदा चाळिशीच्या बाईइतका स्थिर चालत होता. मग तेहतीस खोटे की चौसष्ट खोटे?

मी डॉक्टर पैंना विचारलं. ते म्हणाले, "ते सोंग आहे."

"सोंग आहेच. पण सोंगालाही स्नायू लागतात."

"शेवटची शिल्लक उधळत असेल तर? विझताना दिवा मोठा होतो, इरावतीबाई."

हा मुद्दा खरा होता आणि त्याने माझी झोप उडवली. थोडं शास्त्र सांगते. चाल पायांत असते तशी मेंदूतही असते. वय झालं की प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यावं लागतं आणि लक्ष दिलं की पाऊल आणखीच अडखळतं. पण तरुणपणी तालावर हजारदा घोटलेली हालचाल मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेली असते. ताल मिळाला की ती वाट उघडते. कंपवाताचा रुग्ण दारात खिळून उभा राहतो आणि कुणी ताल धरला की चालायला लागतो, ते यामुळेच. तेव्हा काकांना चांगलं चालता येत होतं यात नवल नव्हतं. खरा प्रश्न होता त्यानंतर काय होतं हा. आमच्या कराडकडे विहीर घेताना ती किती खोल आहे एवढंच बघत नाहीत. उपसा करतात आणि पाणी किती वेळात परत चढतं ते बघतात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. दमाचंही येत नाही. राणी चालून थांबली की मागे उरलेल्या म्हाताऱ्याची नाडी आणि पावलं कशी सावरतात, ते मला बघायचं होतं.

डॉक्टर पैंनी परवानगी दिली, पण स्वतः येऊन उभे राहिले. अशा झडपेवर ताण टाकणं हा खेळ नव्हे. गुरुवारी सकाळी आम्ही काकांच्या छातीला नाडीची पट्टी लावली. व्हरांड्याच्या टोकाला भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेलं एक बाकडं होतं. तिथपर्यंत जायचं, बसायचं, मग साधं चालत परत यायचं.

काकांनी उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि पहिल्याच पावलाला अडखळले. रोज ते मनातल्या मनात मृदंग वाजवायचे. आज इतकी माणसं बघत होती, डॉक्टर होते, छातीवर पट्टी होती. मृदंग ऐकू येईना. सिस्टर लोबोंनी टाळ्या वाजवून बघितल्या, पण तो ताल चर्चमधल्या गाण्याचा निघाला. काका भिंत धरून उभे राहिले. पडद्यावर तेहतीस दिसत होते.

प्रणाली बाकड्यापलीकडे पाठ करून उभी होती. मंगळवारपासून ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. आता ती वळली. तिने पेजेचा रिकामा स्टीलचा डबा उचलला, उलटा केला आणि त्यावर बोटांनी थाप मारली. एक थांबा, मग दोन जोडथापा, मग परत थांबा. तिला तो ताल कुणी शिकवला नव्हता. पाळण्यात असल्यापासून ती तो रंगपटात ऐकत आली होती.

काकांची मान उचलली गेली. हात कमरेशी आला, दोन बोटांनी नसलेला पदर धरला, आणि ते चालू लागले. मी पडद्याकडे बघायचं विसरले, हे कबूल करते. निळ्या पट्ट्यांच्या रुग्णालयी कपड्यांतली एक बाई आमच्या व्हरांड्यातून आपल्या राज्यात चालली होती. सिस्टर लोबोंनी बाजूला होऊन वाट दिली. डॉक्टर पैंनीही दिली.

राणी बाकड्यावर बसली. मग हळूहळू खांदे उतरले आणि तिथे बाबल धुरी धापा टाकत बसलेले दिसले. प्रणालीने डबा खाली ठेवला नव्हता, छातीशी धरला होता. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. नाडी चढलेली राहिली, राहिली, आणि मग पायरी पायरी उतरायला लागली. माझा चहा निवायच्या आत ती जागेवर आली. काका उठले आणि साधं, म्हाताऱ्याचं चालत परत आले. पावलं आधीपेक्षा वाईट पडली नव्हती, उलट किंचित स्थिर होती.

"पाणी चढलं," मी म्हणाले.

डॉक्टर पैंनी पडदा दोनदा तपासला. "चढलं खरं," ते म्हणाले. "आता खाती जोडा. मला अंक कागदावर हवा."

ते काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. दोन माणसांच्या नोंदी एक करण्याचा अधिकार डॉक्टरला नाही, कारण डॉक्टर दयेपोटी हवा तो अंक जुळवून आणील अशी भीती. रुग्णालाही नाही. तो अधिकार जवळच्या नातेवाइकाचा. फरशी त्याला एकच प्रश्न विचारते आणि उत्तर अंगठ्याने द्यावं लागतं.

मी प्रणालीला सात नंबरमध्येच बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

"अंक तेहतीसच राहील. औषधं देऊन घरी सोडू. वर्ष निघेल, कदाचित निघणारही नाही."

"आणि हो म्हटलं तर?"

"अंक चाळिसाच्या वर जाईल. झडप बसवतील. बहुतेकजण निभावतात. सगळे नाही."

"म्हणजे मी काही केलं नाही तर फरशी नाही म्हणाली म्हणायचं. आणि हो म्हटलं आणि काही झालं तर मी केलं." ती हे रडून नाही, हिशेब मांडावा तशी बोलली. मग खाली बघत म्हणाली, "शाळेत मुली विचारायच्या, जत्रेतली राणी तो तुझो बापूस मां? मी सांगायचे, नाय, तो आमचो शेजारी. लग्न ठरताना सासरकडून विचारणा झाली तेव्हा बाबांनीच सांगितलं, आता सोडलंय म्हणून. सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. मी गप्प बसले."

काका खाटेवरून ऐकत होते. "ता जुना झाला, बाय," ते म्हणाले. "तुका भिया वाटता तर रवांदे. माझा काय म्हणणा नाय."

"बाबा, तुमका काय होया ता सांगा."

"काय होया?" त्यांनी विचार केला. "माका नाटक करूचा नाय. तुझ्या घराकडची घाटी चढाची आसा. चार वर्षां झाली, दर खेपेक तूच येतंस. माका तुझ्या पडवेत बसून चाय पिवची आसा."

मी पडदा पुढे धरला. एका बाजूला म्हाताऱ्याची आखूड, घसटणारी पावलं. दुसऱ्या बाजूला राणीची. मध्ये फरशीचा प्रश्न : या दोन व्यक्ती एकच आहेत का?

प्रणालीने अंगठा साडीला पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली. मग तिने तो 'हो'वर टेकवला आणि पडदा हिरवा होईपर्यंत उचलला नाही.

"तो माझो बापूस," ती पडद्याला सांगत असल्यासारखी म्हणाली. "आणि ती पण माझो बापूस."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. सिस्टर लोबो उगाचच उशीचा अभ्रा बदलायला लागल्या.

झडप पुढच्या आठवड्यात बसली. मधे एक दिवस ताप आला आणि त्या दिवशी प्रणालीच्या चेहऱ्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. ताप उतरला. काका व्हरांड्यात पहिल्यांदा चालले तेव्हा फरशीने मला पुन्हा कळवलं की सात नंबरमध्ये एक नवीन व्यक्ती आहे, पुरुष, वय अंदाजे सत्तर, नोंद नाही. या वेळी प्रणालीने मी विचारण्याआधीच अंगठा पुढे केला.

मी या सगळ्यावर एक अहवाल लिहिला. आता आमच्या इथे नव्या रुग्णाला उभारी मोजण्याआधी विचारतात की तुमच्या अंगात कुठला ताल आहे. कुणी फुगडी सांगतं, कुणी भात झोडण्याचा. एका निवृत्त हवालदारांनी संचलन सांगितलं आणि अंकात मोठी उडी मारली. काहींचा अंक ताल देऊनही हलत नाही, आणि त्यांना आम्ही पूर्वीसारखंच घरी पाठवतो. विहिरी सगळ्या सारख्या नसतात. हे असं का, यावर माझं काम अजून चालू आहे.

प्रणालीच्या घराकडच्या घाटीवर, त्या चिऱ्याच्या चढणीवर, मात्र आमची फरशी नाही. तिथल्या चिऱ्यांना काही मोजता येत नाही, त्यामुळे पुढची गोष्ट माझ्याकडे फक्त प्रणालीच्या फोनवरून आली. ती वर दारात उभी होती. सासूबाईही बाहेर आल्या होत्या, शेजारणीही. अर्ध्या घाटीत काका थांबले आणि कठड्याला टेकले.

"मग?" मी विचारलं.

"मग मी आतून डबा आणला," ती म्हणाली. "अर्ध्यापर्यंत बाबा चढले होते, डॉक्टर. उरलेली घाटी राणी चढली."